मागच्या फळ्याच्या बाई

होशिदानी, १४ एप्रिल

मायु,

फोन तू आपटलास की मी, यावर आपण नंतर भांडू. फोनवर आपलं दोघींचं कधी जमलेलंच नाही. तू बोलतेस तेव्हाच मी बोलते आणि शेवटी दोघींनाही काही ऐकू येत नाही. कागदावर निदान एकीला गप्प बसावं लागतं, म्हणून हे पत्र.

सांगायचं होतं ते एवढंच, की मिनोरीला वर्षभरासाठी माझ्याकडे पाठव. शहरातली मुलं डोंगरातल्या शाळांत वर्षभर ठेवायची सोय आता बऱ्याच ठिकाणी आहे. बाकीची परक्यांच्या घरी राहतात, ही सख्ख्या मावशीकडे राहील. तिचा बाप घर सोडून गेल्यापासून ती शाळेत जात नाही, तोंडातून शब्द काढत नाही. वर्ष होत आलं याला. पस्तीस मुलांच्या त्या वर्गात ती परत पाऊल टाकेल असं तुला तरी वाटतं का?

यात माझा स्वार्थ आहे, तोही सांगून टाकते. आमच्या शाळेत यंदा नऊ मुलं आहेत. पट दहाच्या खाली राहिला तर शाळा बंद करून मुलं खालच्या गावातल्या मोठ्या शाळेत धाडायची, असं शिक्षण मंडळानं ठरवलंय. मिनोरी आली की दहा होतात. आता मार टोमणे.

माझ्याकडे तिसरी आणि चौथी एकाच खोलीत आहेत. तिसरीची मुलं पुढच्या फळ्याकडे तोंड करून बसतात, चौथीची मागच्या फळ्याकडे, पाठीला पाठ लावून. मी एकीकडे शिकवते तेव्हा दुसरीकडची मुलं आपला आपण अभ्यास करतात, मग मी तिकडे जाते. डोंगरातल्या शाळांत असंच चालतं. चौथीत कोतेत्सु आणि एरिका अशी दोघंच आहेत. मिनोरी आली की चौथीत तिघं होतील. बोल, बोल म्हणून कुणी तिच्या मागे लागणार नाही.

युझू लिंबांच्या झाडांना पालवी आली आहे. विचार कर, आणि या वेळी ओरडून नको, लिहून कळव.

तुझी,
ताई

*

ओसाका, २१ एप्रिल

ताई,

म्हणजे माझी पोर तुझ्या शाळेचं दहावं बोट. बरं झालं स्पष्ट लिहिलंस, नाहीतर मी तुला देवमाणूस समजले असते.

पाठवते. रागाने नाही, हरले म्हणून पाठवते. सकाळी मी जेवणाच्या डब्यांच्या दुकानात कामाला जाते तेव्हा ती पांघरुणात असते, रात्री येते तेव्हा भिंतीकडे तोंड करून बसलेली असते. काल मी चिडून तिचे खांदे धरून तिला गदागदा हलवलं. ती नुसती बघत राहिली. मग मीच रडले. तिनं मला रुमाल आणून दिला, पण एक शब्द बोलली नाही.

तिला मशरूम अजिबात आवडत नाही, पानात वाढू नकोस. झोपताना मोजे घालून झोपते, त्यावरून हसू नकोस. गणितात फार कच्ची आहे, भागाकार आला की पोटात दुखतं. गुणांचं मला काही नाही. तू बाई आहेस, तुला असेल. मला एकच हवंय ताई. तिनं मला पूर्वीसारखी आई म्हणून हाक मारावी. तेवढं करून दे, बाकी तिला वर्षभर काय हवं ते शिकव.

रविवारच्या बसने येतोय.

मायुको

*

होशिदानी, २३ जून

मायु,

दोन महिने लिहिलं नाही म्हणून फणफणू नकोस. सांगण्यासारखं काहीतरी होऊ दे म्हणून थांबले होते.

मिनोरी हसली. खरंच हसली, आवाज करून. मी तिसरीला पावसाचं मोजमाप शिकवत होते. समोर तिसरीची मुलं, त्यांच्या पलीकडे चौथीच्या तीन पाठमोऱ्या मुंड्या. तिघंही एकदमच हसली, वर्गात कुणी काही गंमत सांगावी तशी. मी खडू तसाच हातात धरून उभी राहिले. डोळ्यांत पाणी आलं म्हणून तिसरीच्या मुलांना खिडकीबाहेर बघायला लावलं.

अजून बोलत नाही, पण शाळेत पळत जाते. हात वर करते. भागाकार इतक्या सफाईने करते, की पोटात दुखत होतं ते कुणाच्या, असं वाटावं.

आणि आता माझी फजिती ऐक. मे महिन्यात सगळ्या नगराची परीक्षा झाली. आमची चौथी पहिली आली. माझी तिसरी, जिच्यासाठी मी घसा फोडते, ती मधेच कुठेतरी. म्हणजे मी ज्यांना शिकवते ती पोरं बेताची, आणि ज्यांच्याकडे पाठ करते ती हुशार! मुख्याध्यापक ओनिशी सर म्हणाले, "बाई, तुम्ही तिसरीकडेही थोडं दुर्लक्ष करून बघा."

मंडळाचे हिरोसे नावाचे साहेब रंगीत आलेख घेऊन आले होते. कोणत्या मुलाची आई कुठली, घरात बाप आहे का, कोण आजीपाशी वाढतंय, घरी कोणती भाषा बोलतात, सगळं त्यात होतं. एरिकाची आई फिलिपिन्सची, कोतेत्सुला आजीशिवाय कुणी नाही, मिनोरी वर्षभर शाळेबाहेर. साहेब आलेखावर पेन आपटत म्हणाले, "अशा मुलांचे गुण असे यायला नकोत." जणू पोरांनी काही चोरलंय. मी म्हटलं, आमच्याकडे मुलंच मुलांना शिकवतात, एक जण पुढाकार घेतो, बाकीची ऐकतात. ते त्यांनी लिहून घेतलं.

ते खरंही आहे. फक्त पुढाकार कोण घेतं ते मला मागून नीट दिसत नाही. तिघंही नुसती फळ्याकडे बघत असतात. तास सुरू होताना तिघं त्या रिकाम्या फळ्याला वाकून नमस्कार करतात. गावाची पद्धत दिसते. मला आवडली.

ऑगस्टच्या सुट्टीत तिला घरी पाठवते.

ताई

*

ओसाका, ३० ऑगस्ट

ताई,

आज तिला बसमध्ये बसवून आले. बस सुटली तरी ती खिडकीतून माझ्याकडे बघत नव्हती. तेव्हापासून मनात जे खदखदतंय ते लिहितेय. राग आला तर येऊ दे.

तू माझी पोर पळवलीस.

सुट्टीभर ती माझ्याशी एक अक्षर बोलली नाही. पण कुजबुजायची, ताई! जेवणाच्या टेबलाशी माझ्याकडे पाठ करून बसायची आणि कपाटाच्या दाराकडे बघून हळूच काहीतरी पुटपुटायची, थांबायची, मान हलवायची, परत पुटपुटायची. मी पुढे जाऊन बसले की गप्प. दुकानाचा हिशेब करताना माझं चुकलं, तर कागद ओढून दुरुस्त करून दिला. मी म्हटलं, अगं, हे तुला कुणी शिकवलं? तिनं कागदाच्या कोपऱ्यात लिहिलं, "मागच्या बाईंनी."

मागच्या बाई म्हणजे तूच ना? मागच्या फळ्यावर शिकवणारी. मग तुझ्याशी ती बोलते. तुझ्याशी हसते, कुजबुजते, आणि इथे माझ्यासमोर तुझ्याशी बोलल्याचा खेळ खेळते. मला आनंद व्हायला हवा, तो होतोही, आणि त्याच वेळी तुझे केस उपटावेसे वाटतात. लहानपणी माझी बाहुलीसुद्धा तुझ्याच मांडीवर जाऊन बसायची.

खरं सांग, ती तुझ्याशी काय बोलते?

मायुको

*

होशिदानी, ११ सप्टेंबर

मायु,

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि मग दार लावून घेतलं.

ती मी नव्हे. मिनोरी माझ्याशी एक शब्दही बोलत नाही. शाळेतली मुलं मला "पुढच्या बाई" म्हणतात. मला वाटायचं, मी बहुतेक वेळ पुढे असते म्हणून.

दुसऱ्या दिवशी मी एरिकाला सहज विचारावं तसं विचारलं, "मागच्या बाई कोण गं?"

ती पेन्सिलीला टोक करत म्हणाली, "मागे असतात त्या."

"आणि मी मागे येते तेव्हा?"

"तेव्हा त्या जरा सरकतात. तुम्ही फळ्याच्या डाव्या बाजूला उभ्या राहता ना, मग त्या उजवीकडे होतात. तुम्ही गेलात की परत येतात." आणि मग माझी समजूत घालावी तसं म्हणाली, "तुम्ही पण छान शिकवता, बाई."

तेव्हापासून मी मागच्या फळ्यापाशी गेले की उजवीकडे बघत नाही. मूर्खपणा आहे, पण बघवत नाही.

ओनिशी सरांना सांगितलं. ते चहा ओतत होते, ओतत राहिले. म्हणाले, "मी इथे आलो तेव्हापासून चौथीचे गुण असेच आहेत. मी कधी का म्हणून विचारलं नाही. तुम्हीही विचारू नका. मार्चपर्यंत शाळा टिकवायची आहे." कोतेत्सुच्या आजीला विचारलं तर ती हसायला लागली. "आमच्याही वेळी होत्या की! त्यांनी कुणाचं कधी वाईट केलं नाही. त्यांची जागा तेवढी मोकळी ठेवायची, बस्स."

मायु, तुला भीती वाटली तर मिनोरीला घेऊन जा, मी अडवणार नाही. पण मी रोज बघते ना, ती पोर फुलली आहे. तिच्या पाठीवरूनसुद्धा कळतं. आणि ती गेली तर नऊ उरतात, हेही मी लिहायला नको होतं पण लिहिलं. ऑक्टोबरच्या चार तारखेला पालकांनी वर्ग बघायला यायचा दिवस आहे. तू ये, आणि तुझ्या डोळ्यांनी बघून ठरव.

ताई

*

ओसाका, ६ ऑक्टोबर

ताई,

तिथे तुझ्याशी बोलता आलं नाही. तू तिसरीच्या आयांमध्ये अडकलेली आणि मला परतीची बस गाठायची होती. आणि खरं सांगू, तिथून लवकर निघावंसं वाटत होतं.

बसला उशीर झाला होता, तास सुरू झालेला. मी चपला बदलल्या आणि मागच्या दाराने आत शिरले. पालक कुठे उभे राहतात? वर्गाच्या मागे. माझी आई तशी उभी राहायची, तुझी-माझी एकच आई होती, तुलाही आठवत असेल. ओसाकात मी तशीच उभी राहायचे. इथून तिथून सगळ्या देशात आया वर्गाच्या मागच्या भिंतीला टेकून उभ्या राहतात. मी जाऊन उभी राहिले. बाकीच्या आया-आज्या खिडकीच्या कडेने ओळीत दाटीवाटीने उभ्या होत्या, मला वाटलं गावाकडची माणसं, लाजत असतील. मागे एवढी जागा मोकळी पडलेली! तुमच्या वर्गाचा मागचा भाग म्हणजे चौथीचा पुढचा भाग, हे तिथे उभी राहिल्यावर कळलं. तोपर्यंत तिन्ही मुलं माझ्या समोर होती.

त्यांनी मला वाकून नमस्कार केला. मीही गोंधळून केला.

मिनोरी माझ्याकडे बघत होती. ताई, दीड वर्षात पहिल्यांदा माझ्या लेकीने मान वर करून माझ्याकडे बघितलं. मला भरून आलं. मग लक्षात आलं, तिची नजर माझ्या डोळ्यांवर नव्हती. जराशी वर, माझ्या डाव्या खांद्याच्या मागे होती. तिघांचीही तिथेच होती. तिनं हात थोडासा उचलून बाजूला हलवला. मला वाटलं ती मला हात करतेय, मीही हसून हात केला. तिनं परत केला, मीही परत केला. कोतेत्सुची आजी खिडकीकडून तोंडाने काहीतरी खुणा करत होती. आता कळतंय, मिनोरी मला बाजूला हो म्हणत होती.

मी तास संपेपर्यंत तिथेच उभी राहिले. गर्दीच्या रांगेत कुणीतरी अगदी जवळ उभं असावं तसं सारखं वाटत होतं. श्वास जाणवत नव्हता, धक्का लागत नव्हता, फक्त कुणीतरी आहे एवढंच. मी दाराकडे निघाले तेव्हा तिन्ही मुलांच्या माना माझ्याबरोबर वळल्या. मिनोरी उठून उभी राहिली. तिच्या तोंडावर असं दुःख होतं, की बाप गेला त्या दिवशीही नव्हतं. मी जातेय म्हणून तिला वाईट वाटलं असं समजून मी बसमध्ये सगळा वेळ रडले. आनंदाने.

पुढच्या बाकावर एक बाळ आजोबांच्या खांद्यावर होतं. मी त्याला हसवायचा प्रयत्न केला, तर ते माझ्या मागे बघून हसत होतं. माझ्या मागचा बाक रिकामा होता. मी मुद्दाम वळून बघितलं.

काल दुकानात एक शाळकरी मुलगी आईबरोबर डबा घ्यायला आली आणि मला वाकून नमस्कार करून गेली. मला कुणी नमस्कार करत नाही, ताई. मी कोबीचे वडे तळते.

मायुको

*

होशिदानी, १९ नोव्हेंबर

मायु,

मी तुला सांगायला हवं होतं. कुठे उभी राहा, कुठे राहू नकोस, हे मी कोतेत्सुच्या आजीकडून ऐकलेलं होतं आणि तुला लिहिलं नाही. लिहिलं असतं तर तू आली नसतीस असं वाटलं. मला तू यायला हवी होतीस, मिनोरीला न्यायला नाही, इथे ठेवायला.

तू गेल्यापासून चौथी थांबली आहे. दुसरा शब्द सुचत नाही. तिघं मागच्या फळ्यासमोर हात मांडीवर ठेवून बसतात. नमस्कार करत नाहीत. मी तिकडे जाते, शिकवते, तर बदलीवर आलेल्या बाईंकडे मुलं बघतात तशी बघतात, सभ्यपणे. एरिका परवा म्हणाली, "तुम्ही आता मधे उभ्या राहिलात तरी चालेल. जागा आहे." मी मधे उभी राहिले आणि मला रडू आलं. कशाचं म्हणून सांगू?

या महिन्याच्या परीक्षेत चौथी नगरात शेवटची आली. हिरोसे साहेब त्याच आलेखांची नवी प्रत घेऊन आले. या वेळी समाधानाने म्हणाले, "आता कसं, आकडे जुळले. आया परदेशी, बाप नाहीत, घरी आजी. यांच्याकडून एवढीच अपेक्षा होती." मी त्यांना ऑफिसबाहेर जा म्हटलं. ओनिशी सरांनी माझ्या वतीने माफी मागितली.

आणि काल संध्याकाळी मिनोरी बोलली.

मी भात वाढत होते. ती म्हणाली, "मावशी, बाई ओसाकाला गेल्या. मला घरी जायचंय." आवाज बसका आहे, तुझ्यासारखा. मी तिला जवळ घेतलं, ती जराही आखडली नाही, पण सामान तिनं आधीच भरून ठेवलं होतं.

मायु, मी पाया पडते. एकदाच ये. वर्गात त्याच जागी उभी राहा, आणि मग नुसती एक पाऊल बाजूला हो. एवढंच. त्या परत आपल्या जागेवर जातील. शाळा राहील, एरिकाचं भलं होईल, तुलाही मोकळं वाटेल. मिनोरीला मी तोवर थांबवून ठेवते.

ताई

*

ओसाका, ९ डिसेंबर

ताई,

तू तिला थांबवू शकली नाहीस हे एव्हाना तुला कळलंच आहे. बसच्या थांब्यावर कोतेत्सुच्या आजीने तिला बसवून दिलं म्हणे. तुझा फोन आला तेव्हा मी ओरडले, त्याबद्दल माफ कर. नऊ वर्षांची पोर एकटी तीन तास बसने आली, आईचा जीव म्हणजे काय असतो!

मी थांब्यावर धावले. ती उतरली आणि पळत सुटली, माझ्याकडे. मी हात पसरले. दोन हातांवर आल्यावर ती थांबली आणि वाकून नमस्कार केला. मग म्हणाली, "उशीर झाला. रस्त्यात बर्फ होता."

बोलते, ताई. अखंड बोलते. जेवताना माझ्या समोर बसते, आता पाठ करत नाही. शाळेतही जायला लागली. संध्याकाळी धावत घरी येते आणि म्हणते, "आज काय शिकायचं?" मी भांडी घासत असले तर टेबलाशी वाट बघते, कारण मी येऊन बसल्याशिवाय तिचा अभ्यास सुरू होत नाही. मी फक्त खुर्चीवर बसायचं आणि वळायचं नाही. शेजारीण विचारते, कोणत्या शिकवणीला लावलंय? तिच्याही दोन मुली आता येऊन बसतात. तिघी माझ्या खांद्यावरून बघत असतात आणि मी त्यांच्या तोंडाकडे बघत असते. अपूर्णांक समजला की मुलांचं तोंड कसं उजळतं! तू ते रोज बघायचीस, मी कधी बघितलं नव्हतं.

तू बोलावतेस तसं मी येणार नाही.

बाजूला हो म्हणतेस. आणि मी बाजूला झाले आणि मिनोरी परत भिंतीकडे तोंड करून बसली तर? तुझी शाळा राहील, माझी पोर जाईल. तुझ्या मुलांसाठी मला वाईट वाटतं, एरिकाचं तोंड डोळ्यांसमोरून हलत नाही. पण मी आई आहे, मंडळ नाही. मला माझं एक बोट मोजू दे.

मायुको

*

होशिदानी, २६ फेब्रुवारी

मायु,

निर्णय झाला. मार्चअखेर शाळा बंद. मुलं एप्रिलपासून खाली जातील, सकाळी सहाच्या बसने. पट नऊवर आला, गुण खाली आले, कागदावर शाळा वाचवायला काही उरलंच नाही. ओनिशी सर निवृत्त होतायत. मला खालच्या शाळेत घेतलंय, तिसरीचा एकच वर्ग, अठ्ठावीस मुलं, सगळी एकाच दिशेला तोंड करून.

तुझ्यावर रागावले होते, खोटं का बोलू. महिनाभर पत्र टाकायला म्हणून बसायचे आणि शिव्याच सुचायच्या. मग राग गेला. माझ्या पोटी पोर असती तर मीही तेच केलं असतं.

परवा वर्ग आवरताना एरिका मागच्या फळ्यापाशी आली. मला म्हणाली, "आता त्यांना आमची आठवण येते का?" त्यांना आठवण येते की नाही हे मला कुठून माहीत असणार? तुलाच माहीत असेल तर तिला लिही. ती वाट बघतेय.

मला मात्र एकच सांग. तू मागच्या एप्रिलमध्ये मला लिहिलं होतंस की तुला दुसरं काही नको. तिनं तुला आई म्हणून हाक मारली का?

ताई

*

ओसाका, ४ मार्च

ताई,

एरिकाला वेगळं पत्र टाकलंय. आठवण येते असं लिहिलं. खरं आहे का मला माहीत नाही, पण मिनोरी म्हणाली, तसंच लिही.

तू विचारलंस त्याचं उत्तर द्यायला सहा दिवस लागले.

मिनोरी वर्गात पहिली आली. शाळेतल्या बाईंनी मला बोलावून घेतलं आणि म्हणाल्या, घरी तुम्ही फार वेळ देता वाटतं. मी हो म्हटलं. देतेच की. संध्याकाळी सहा ते आठ मी त्या खुर्चीवरून उठत नाही. दुकानात मी जादा पाळी घेणं सोडलं. पहिल्यांदा मला मान अवघडल्यासारखी वाटायची, मागे बघू नये म्हणून धरून ठेवलेली. आता सवय झाली. आता वळावंसंही वाटत नाही.

मिनोरी मला सगळं सांगते. म्हणजे माझ्या दिशेने सांगते. शाळेत कुणी काय म्हटलं, बाप का गेला असेल असं तिला वाटतं, तिला दीड वर्ष का बोलवत नव्हतं. मी ऐकते. ती रडली तर मी हात पुढे करते आणि ती माझा हात धरू देते, पण डोळे वर, खांद्याच्या मागेच असतात. मी पूर्वी कधी तिला एवढं ऐकलं नव्हतं, ताई. शेजारी बसून दुसऱ्याचं बोलणं ऐकावं तसं का होईना, ऐकते तर आहे.

काल टेबलाशी बसून मी वाटाणे सोलत होते. ती चित्र काढत होती. काढून झालं, तिनं कागद उचलून धरला, आणि हाक मारली, "आई!"

बाई नाही म्हणाली. आता महिनाभर ती बाई म्हणतच नाही.

माझ्या हातातले वाटाणे खाली सांडले. जवळजवळ दोन वर्षं मी ज्याची वाट बघितली ते एकदम कानावर आलं. कसेबसे मी "काय गं?" म्हणायला ओठ उघडले. पण तोपर्यंत ती हसून मान हलवत होती, आणि म्हणत होती, "हो, तुलाच दाखवायला काढलंय." तिला उत्तर मिळालं होतं.

मी तोंड मिटलं. खाली वाकून वाटाणे गोळा केले, अगदी सावकाश. मी वाकले की तिला पलीकडचं नीट दिसतं, म्हणून.

मायुको